मनाचं पुरुमेंत

मे महिन्यात गोव्यातल्या घराघरांत पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरलं जातं. सुकी मासळी, सोलं, मीठ, मिरच्या, कांद्याच्या माळा, कोरडं जळण. जूनमध्ये आभाळ फाटलं की दोन-दोन दिवस बाहेर पडता येत नाही, वीज जाते, आणि तेव्हा साठवलेलं उपयोगी पडतं. भर पावसात खारे बांगडे सुकवायला घेणारा माणूस कुणी पाहिलेला नाही.

मन खंबीर करण्याचं कामही असंच आहे. नोकरी गेली, घरात आजारपण आलं, मुलगा परीक्षेत आपटला, त्या दिवशी नवीन काही शिकता येत नाही. आधी जे अंगवळणी पडलंय तेवढंच हाताशी असतं. म्हणून पुढचं सगळं बऱ्या दिवसांत सुरू करायचं.

खंबीरपणा म्हणजे दात-ओठ खाऊन सोसणं, डोळ्यांतून पाणी न काढणं, असा समज आपल्याकडे फार जुना आहे आणि त्याने नुकसानच होतं. बसायचा तो धक्का खंबीर माणसालाही बसतोच. तो किती दिवसांत रोजच्या कामाला लागतो, हे मोजायचं. आणखी एक: २०१२ च्या सप्टेंबरात आणि पुन्हा २०१८ च्या मार्चमध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, तेव्हा डिचोली-सांगे पट्ट्यातले खनिज वाहणारे ट्रक दारात उभे राहिले. त्या ट्रकवाल्यांचं उत्पन्न बुडालं होतं, त्यांना ‘सकारात्मक विचार करा’ सांगणं ही क्रूर थट्टा होती. इथे दिलेल्या गोष्टींनी बाहेरचं संकट टळत नाही. त्याच्याशी झगडायला लागणारी झोप, डोकं आणि माणसं शाबूत राहतात, एवढंच.

आधी हात, मग मन

‘मन लागलं की करू’ हे वाक्य सर्वांत महाग पडतं. खचलेल्या माणसाचं मन लागत नाही म्हणून तो काही करत नाही, काही करत नाही म्हणून दिवसात बरं वाटावं असं काही घडत नाही, आणि मन आणखी उतरतं. हे चाक मनाकडून थांबवता येत नाही, हाताकडून येतं. काम आधी, उत्साह मागाहून.

याची कसोटी गोव्यातच लागलेली आहे. संगाथ या संस्थेने इथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्या प्रौढांना याच तत्त्वावर समुपदेशन दिलं. देणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं होती, आणि बैठका ६ ते ८. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्याच्या बाहेर आले होते. फक्त नेहमीची आरोग्य केंद्राची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले.

घरी करायची रीत अशी. दोनशे पानी साधी वही घ्या. मोबाइलमधलं अॅप नको, कारण ते उघडताना हात दुसरीकडेच जातो. पहिला आठवडा फक्त नोंदी. दर दोन-तीन तासांनी तीन गोष्टी: वेळ, काय केलं, आणि मन कसं होतं ते ० ते १० मध्ये. शून्य म्हणजे अगदी तळ. रात्री आठवून लिहिलेल्या नोंदींचा उपयोग नाही. उतरलेलं मन सगळा दिवस काळा रंगवून टाकतं.

समजा, ट्रक दारात उभा असलेल्या एखाद्याचं पान असं आहे:

सकाळी ८.४० – उठलो, अंथरुणातच मोबाइल – २
१०.१५ – चहा, उंडो (पाव) – ३
११ ते १२.३० – टीव्हीवर बातम्या – २
१२.४५ – परसातले पडलेले नारळ गोळा करून सोलले – ५
२.३० ते ५ – आडवा, झोप नाही, मोबाइल – १
५.३० – शेजाऱ्याच्या स्कूटरची बॅटरी बघून दिली – ६
८ ते १० – बारमध्ये, तिघे – ५
११.३० – झोप नाही, हप्त्याचा विचार – १

या माणसाला विचारलं असतं तर त्याने ‘टीव्ही आणि बार, तेवढाच विरंगुळा’ असं सांगितलं असतं. वही वेगळं बोलते. टीव्हीला २ आहेत. बारला ५ आहेत खरे, पण त्याच्यामागून ११.३० चा १ येतो, आणि दुसऱ्या दिवसाचं ८.४० चं उठणंही तिथूनच येतं. बार सोडला तर सगळ्यांत वरचे दोन आकडे नारळ आणि स्कूटरचे. दोन्हींत हाताने काहीतरी पुरं झालं, आणि एकात दुसऱ्याचं अडलेलं काम निघालं. हे असं आधी कुणालाच ओळखता येत नाही, म्हणून तर नोंदी.

दुसऱ्या आठवड्यात वहीतून तीन कामं निवडा. एक शरीर हलवणारं, एक हाताने पुरं होणारं, एक माणसांत नेणारं. आकार इतका लहान ठेवा की वाईटातल्या वाईट दिवशीही ते होईल. ‘रोज चालायचं’ हे काम नाही, ती इच्छा झाली. काम असं लिहा: ‘सकाळी ६.४५, दारापासून पिंपळापर्यंत आणि परत, १५ मिनिटं. पाऊस असेल तर देवळाच्या सभामंडपात १५ मिनिटं.’ गोव्यात पावसाळ्याची दुसरी सोय न लिहिलेली योजना जूनमध्ये मरते आणि ऑक्टोबरात कुणाला आठवत नाही. ‘असं झालं तर तसं करीन’ हे आधी लिहून ठेवलं की त्या क्षणी मनाशी वाद घालावा लागत नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून ५-५ मिनिटं वाढवा. सातांपैकी चार दिवस झालं तर आठवडा पास. सातही दिवसांचा हट्ट धरणारे बहुधा दहाव्या दिवशी सगळंच सोडतात. शरीराच्या कामाचं लांबचं उद्दिष्ट आठवड्याला १५० मिनिटं, दम लागेल पण बोलता येईल अशा वेगाने. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेलं किमान प्रमाण तेच आहे.

बिघडतं कुठे? पहिलं म्हणजे, लोक चालून आल्या आल्या मनाचा आकडा बघतात, तो ३ चा ३ च असतो, आणि ‘काही होत नाही’ म्हणून थांबतात. पहिले दहा-पंधरा दिवस आकडा हलला नाही तरी चालू ठेवायचं. दुसरं, काही जण स्वतःला शिक्षा म्हणून कामं निवडतात: पहाटे ४ ला उठणं, थंड पाण्याची अंघोळ, मोबाइल पूर्ण बंद. तिसरं, आणि हे आपल्या घरांत हमखास, घरातलं कुणीतरी मुकादम होतं. ‘आज गेला नाहीस वाटतं?’ एवढ्या एका वाक्याने १५ मिनिटांचं चालणं म्हणजे हजेरी होऊन बसते. घरच्यांना मदतच करायची असेल तर सोबत चालावं. विचारू नये.

झोप

झोपायची वेळ आपल्या हातात नसते, उठायची असते. म्हणून उठायची वेळ पक्की करा, रविवारीसुद्धा. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीचा पों-पों ज्या वेळी येतो ती वेळ धरली तर घड्याळही नको. उठल्यावर अर्ध्या तासात दहा-पंधरा मिनिटं बाहेरच्या उजेडात बसा. बाल्कांव, म्हणजे दारापुढचा बसायचा ओटा, चालेल, ढगाळ असलं तरी चालेल.

शेवटचा चहा-कॉफी दुपारी ३ पूर्वी. कॉफीतलं कॅफिन निम्मं व्हायला सुमारे ५ तास लागतात, म्हणजे संध्याकाळी ६ च्या कपातलं निम्मं रात्री ११ वाजता अंगात असतं. दुपारची वामकुक्षी हा आपल्याकडे धर्मच, ती मोडू नका, पण २० ते ३० मिनिटं आणि ३ च्या आत. अंथरुणावर अंदाजे २० मिनिटं झोप लागली नाही तर उठा, दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात कंटाळवाणं काहीतरी करा, डोळे जड झाले की परत या. घड्याळ भिंतीकडे फिरवून ठेवा, २० मिनिटं अंदाजानेच. तळमळत पडून राहण्याचा तोटा असा की अंथरूण म्हणजे काळजी करण्याची जागा, असं शरीर शिकून ठेवतं.

वेर्णा-कुंडईच्या कारखान्यांत, हॉटेलांत, कॅसिनोंत पाळीने काम करणाऱ्यांना हे जसंच्या तसं जमणार नाही. रात्रपाळीनंतर घरी येताना गडद चष्मा, खोलीत जाड पडदा, मोबाइल दुसऱ्या खोलीत, आणि पाळी बदलली तरी झोपेचे निदान चार तास रोज एकाच वेळी येतील असं बसवणं, एवढं केलं तरी फरक पडतो.

श्वास, पाव माळ

घाबरं झालं की ‘दीर्घ श्वास घे’ असं जो तो सांगतो, आणि ते अर्धंच बरोबर आहे. मोठमोठे श्वास भराभर घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, हातापायांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आणि घाबरलेला माणूस आणखी घाबरतो. श्वास मोठा नको, सावकाश हवा. त्यातही बाहेर सोडणं लांब, कारण सोडताना हृदयाची गती किंचित उतरते.

पाठ टेकून बसा. एक हात बेंबीवर. नाकाने ४ अंकांत आत, ६ अंकांत बाहेर. एक श्वास १० सेकंदांचा, मिनिटाला ६. मोजायला जपाची माळ उत्तम. १०८ मण्यांची पाव माळ म्हणजे २७ मणी, साडेचार मिनिटं. नाम घ्यायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, श्वासाला दोन्ही चालतं. रोज एकदा, शांत असताना, निदान तीन आठवडे. संकटाच्या वेळी पहिल्यांदा करून बघणाऱ्याला ते लागू पडत नाही, आणि मग तो श्वासाला दोष देतो.

काहींना श्वासाकडे लक्ष दिलं की उलट कोंडल्यासारखं होतं. त्यांनी मुठी वापराव्यात. दोन्ही मुठी ५ सेकंद घट्ट आवळा, २० सेकंद सैल सोडा, सोडल्यावरचा जडपणा जाणवू द्या. मग खांदे, मग जबडा, मग पायाची बोटं. बसमध्ये उभ्यानेही पायाची बोटं आवळता येतात, कुणाला कळत नाही.

काळजीला वेळ द्या, पण ठरलेली

काळजी करू नको म्हटल्याने कुणाची काळजी थांबल्याचं ऐकिवात नाही. तिला जागा आणि वेळ नेमून द्यावी. संध्याकाळी ६.३० ते ६.५०, एकाच खुर्चीवर. अंथरुणावर नाही, रात्री ९ नंतर नाही. दिवसभरात काळजी डोकावली की वहीच्या मागच्या पानावर एकच शब्द लिहायचा, ‘हप्ता’, ‘आईचा गुडघा’, ‘बदली’, आणि हातातलं काम पुढे. ६.३० ला ती यादी काढायची. निम्म्या शब्दांना तोवर धारच उरलेली नसते. ते खोडा.

उरलेल्यांचे दोन भाग पडतात. जिथे आपल्या हातात काही आहे ते एकीकडे, जिथे नाही ते दुसरीकडे.

हातात असलेल्यांपैकी एकच घ्या आणि तो आकड्यांत लिहा. ‘पैशांचं कसं होणार’ या वाक्याला उत्तर नसतं. ‘१० तारखेला ११,४०० चा हप्ता, हातात ७,०००, तूट ४,४००’ याला असतं. आता सुचतील ते सगळे उपाय लिहा, वेडे वाटले तरी, निदान सहा. बँकेत जाणं, भावाकडून उसने, सोनं तारण, ट्रकची एक फेरी भाड्याने, जुने टायर विकणं, हप्त्यांची फेररचना मागणं. प्रत्येकासमोर एका ओळीत फायदा, एका ओळीत तोटा. एक निवडा आणि ४८ तासांच्या आत होईल असं त्याचं पहिलं पाऊल लिहा: ‘उद्या १०.३० ला शाखेत जाऊन लेखी अर्ज.’ हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं अनुत्पादक कर्जांत मोजलं जातं, आणि मग समोरच्या माणसाचा सूर बदलतो. तारखेआधी गेलेल्याशी तो निराळ्या सुरात बोलतो. इथे चूक होते ती सहाव्या उपायापर्यंत न पोहोचण्याची. पहिले दोन उपाय बहुधा तेच असतात जे आपण दहा वेळा करून थकलोय.

हातात नसलेल्यांसाठी तीन ओळी: वाईटात वाईट काय होईल, बहुधा काय होईल, झालंच तर पहिला फोन कुणाला. गजर वाजला की वही मिटून उठा, वाक्य अर्धं राहिलं तरी.

जुनं काही सलत असेल, अपमान, भांडण, वाटण्यांत झालेला अन्याय, तर वेगळं लिहावं लागतं. सलग चार दिवस, रोज १५ ते २० मिनिटं, न थांबता, न खोडता, काय झालं आणि त्याने आत काय झालं ते दोन्ही. लिहून झाल्यावर तासभर मन जड राहतं, तो बिघाड नव्हे. नंतर पानं फाडून टाका. मृत्यू किंवा अपघात ताजा असेल तर मात्र निदान महिना-दीड महिना हे करू नका. भाषेचं म्हणाल तर आपलं बरेचदा मनात कोकणी आणि हातात मराठी असं असतं. राग आल्यावर तोंडात जी येते तीच कागदावर येऊ द्या.

तीन नावं

हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि सहकाऱ्यांनी ती मोठी होईपर्यंत मागोवा घेतला. गरिबी, घरातलं व्यसन, भांडणं अशा जास्त धोक्याच्या घरांतल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश तरीही धडधाकट, काम करणारी, माया करणारी माणसं झाली. त्यांच्यात वारंवार दिसलेली एक गोष्ट म्हणजे आयुष्यात निदान एक भरवशाचं मोठं माणूस, मग ती आजी असो, काका असो की शिक्षक.

वहीच्या पहिल्या पानावर तीन नावं लिहा: रात्री २ ला फोन करता येईल असं एक, व्यवहारात मदत करील असं एक, आणि ज्याच्यासोबत हसता येतं असं एक. तिन्ही कामांना एकच नाव, तेही नवऱ्याचं किंवा बायकोचं, येत असेल तर ती कमजोरी समजा. त्या एका माणसावर भार पडतो, आणि त्याच्याशीच बिनसलं तर तिन्ही दारं एकदम बंद.

नावं कमी पडत असतील तर गप्पा मारायला माणसं शोधू नका, काम करायला शोधा. गोव्यात याची तयार व्यवस्था आहे: देवळातलं भजन, जत्रेच्या नाटकाची तालीम, चवथीची माटोळी (गणपतीवर बांधायची फळाफुलांची चौकट), गावचा फुटबॉल संघ. तालमीला गेलेल्याला ‘कसं वाटतंय’ कुणी विचारत नाही, ‘दुसऱ्या अंकाची वाक्यं पाठ झाली का’ विचारतात. मन उतरलेल्या माणसाला असा प्रश्न औषधासारखा लागू पडतो. पण नुसतं मागे बसून बघू नका, पेटीची पिशवी उचलण्याचं का होईना, नेमलेलं काम मागून घ्या. काम नेमलेलं असलं की न गेल्यावर कुणीतरी बोलवायला येतं.

मदत मागताना आपण घोळ घालतो. ‘काही नाही, सहज आलो’ म्हणून दोन तास बसतो आणि न बोलता उठतो. सरळ वाक्य वापरा: ‘दादा, मला सल्ला नको, पैसे नकोत, अर्धा तास ऐकून घे.’ आणि ऐकणाऱ्याने ‘सगळं ठीक होईल’, ‘तुझ्यापेक्षा वाईट अवस्थेत लोक आहेत’ ही दोन वाक्यं गिळावीत. त्याऐवजी ‘मग?’ एवढं पुरतं.

भीतीची शिडी

टाळलेली गोष्ट दर टाळण्यागणिक वाढते. समजा स्कूटरवरून पडल्यानंतर गाडीला हात लावायची भीती बसली आहे, आणि हाड-डोकं तपासून डॉक्टरांनी चालवायला हरकत नाही म्हटलंय. शिडी अशी लावा: अंगणात बंद गाडीवर बसणं. चालू करून उभं राहणं. वाड्यातल्या रस्त्यावर शंभर मीटर. सकाळी ७ ला बाजारापर्यंत. दुपारी गर्दीत बाजारापर्यंत. हायवेवर एक चौक. शेवटी झुआरी पूल. हेल्मेट प्रत्येक पायरीला. पायरीआधी भीती ० ते १० मध्ये लिहा आणि ती निम्मी होईपर्यंत त्या पायरीवरच राहा, साधारण २० ते ४० मिनिटं. रस्त्यावरच्या पायऱ्यांत एकच फेरी परत परत मारा. भीती ७ वर असतानाच पूल एकदा ओलांडून ‘आज संपलं’ करू नका. भीती ऐन भरात असताना माघार घेतली तर मन शिकतं की पळालो म्हणून वाचलो. हीच शिडी मुलाखतीला, फोनवर बोलण्याला, सभेत उभं राहण्याला चालते.

बाटली

गोव्यात दारू हाताशी आणि स्वस्त आहे, म्हणून हा भाग टाळता येत नाही. दोन पेगांनी झोप लवकर लागते हे खरं, पण दारू उतरताना, म्हणजे उत्तररात्री, झोप तुटते, आणि ३ वाजता जागा झालेला माणूस काळजीच्या तावडीत सापडतो. वहीत पेगांचा आकडाही लिहा, बाजूला दुसऱ्या सकाळचा मनाचा आकडा. आठवडाभरात नातं दिसतं, उपदेश लागत नाही. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने, सकाळी हात थरथरणाऱ्याने, एकदम सोडू नये. झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीव धोक्यात येतो. आधी डॉक्टर.

वहीच्या पलीकडचं

दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसातला बहुतेक वेळ मन उदास असेल किंवा कशातच गोडी वाटत नसेल, आणि त्यासोबत झोप, भूक, कामं बिघडली असतील, तर तो आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहेत. आपल्याकडे तो बरेचदा शरीराचं सोंग घेऊन येतो: अंगात त्राण नाही, डोकं जड, छातीत धडधड, पाठ दुखते. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. थायरॉइड, रक्तातलं लोह, बी-१२ हेही तपासून घ्या, कारण त्यांच्या कमतरतेचा थकवा हुबेहूब असाच दिसतो. पुढचं ठिकाण बांबोळीची मानसोपचार संस्था, गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) जवळच. गोळ्या सुरू झाल्या तर परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने थांबवायच्या नाहीत. ओळखीचं कुणी रांगेत भेटेल ही धास्ती छोट्या गावात खोटी नसते. अशा वेळी फोनपासून सुरुवात करा. टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मोफत, भाषा निवडता येते.

कुणी मरणाची भाषा करत असेल तर सरळ विचारा: ‘जीव द्यावासा वाटतोय का?’ विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्या माणसाला एकटं सोडू नका. कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) मारायची औषधं, घरातल्या गोळ्यांचा साठा कुलपात किंवा शेजारी हलवा. १४४१६ लावा, आणि काही केलंच असेल तर १०८. पोलिसांच्या भीतीने घरची माणसं दवाखाना टाळतात, त्यांनी हे लक्षात ठेवावं: २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार, उलट सिद्ध होत नाही तोवर प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरलं जातं, आणि तिच्यावर खटला चालवून शिक्षा करता येत नाही.

वही सुटण्याबद्दल थोडं. ती सुटणारच. चवथीत सुटते, घरी लग्न निघालं की सुटते, ताप आला की सुटते. मधली पानं आठवून आठवून भरत बसू नका, आणि ‘आता एक तारखेपासून’ असंही करू नका. गणपती दीड दिवसाचा असो की पाच, विसर्जनाच्या दुसऱ्या सकाळी कोरं पान उलटा, तारीख घाला आणि उठल्याची वेळ लिहा. त्या दिवशी तेवढीच नोंद केली तरी चालेल.